ससून डॉकची ओली जमीन आणि मंडईची लादी : एका मासळीविक्रेतीच्या पादत्राणांचे प्रकरण

कुलाब्याच्या ससून डॉकवर पहाटे मासळी घ्यायची, ती इतर बायकांबरोबर भाड्याच्या टेम्पोत घालून मध्य मुंबईतील एका मंडईत आणायची आणि दुपारपर्यंत विकायची, असा दिनक्रम असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका कोळी काकींचे हे प्रकरण आहे. मासेमारीचा हंगाम सुरू होऊन काही आठवडे झाले असताना काकी लिलावाच्या जागेत घसरल्या. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मासळीने भरलेली पाटी होती. पुढे टाकलेल्या पायाची टाच एकदम पुढे सरकली, तोल मागे गेला आणि सावरण्यासाठी टेकलेल्या उजव्या हाताचे मनगट मोडले. प्लास्टर निघेपर्यंत धंदा सुनेने सांभाळला. प्लास्टर निघाल्यावर काकी पुन्हा डॉकवर जाऊ लागल्या, पण पाटी हमालाकडे देऊन आणि पाय घासत, अडखळत चालत. औद्योगिक सुरक्षिततेच्या कामाशी माझा संबंध आहे हे ठाऊक असल्यामुळे त्यांच्या सुनेने मला विचारले, “आईंना न घसरणारे बूट कुठले घेऊ, तेवढे सांगा.”

प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर एखाद्या बुटाचे नाव सांगून देता येण्याजोगे नव्हते. पकड हा एकट्या बुटाचा गुण नसतो. बुटाचा तळ, खालची जमीन आणि या दोहोंच्या मध्ये आलेला पदार्थ या तिघांवर मिळून ती ठरते. खडकाळ डोंगरवाटेवर भक्कम ठरलेला बूट साबणाच्या पाण्याने ओल्या झालेल्या चकचकीत लादीवर दगा देऊ शकतो. म्हणून दुकानात जाण्याआधी काकी रोज कशाकशावरून चालतात हे पाहणे आवश्यक होते, आणि त्याआधी त्यांनी आजवर पायांत काय घातले होते हे जाणून घेणेही आवश्यक होते.

पडल्या तेव्हा काकींच्या पायांत साधी रबरी स्लिपर होती. ती मी हातात घेऊन पाहिली. पंजाखालची नक्षी बऱ्यापैकी शाबूत होती, मात्र टाचेखालचा मागचा भाग झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि उजव्या स्लिपरची बाहेरची कड तिरकी कापल्यासारखी दिसत होती. चालताना जमिनीला आधी टाचेची मागची कड टेकते, त्यामुळे झीज तिथेच आधी होते. आणि पाय पुढे घसरण्याचा धोकाही टाच टेकल्यानंतरच्या सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात सर्वाधिक असतो, कारण शरीराचे वजन त्या पायावर येत असते आणि पाय अजून पुढे सरकण्याच्या बेतात असतो. म्हणजे जिथे पकड सर्वांत जास्त हवी, नेमकी तिथेच ती संपली होती. त्यात स्लिपरला मागे पट्टा नसल्याने ती पायात टिकवण्यासाठी बोटे आकसून धरावी लागत, आणि वरचा भाग ओला झाला की पाय स्लिपरवरूनच सरके. पाय आणि पादत्राण यांच्यामधली ही दुसरी घसरण फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

अपघातानंतर मुलाने हौसेने ट्रेकिंगच्या धाटणीचे बूट आणले. तळाला बोटाच्या पेराएवढे उंच, दूरदूर असलेले कडक दाते होते. असे दाते मऊ मातीत आणि चिखलात रुततात, दोन दात्यांमधली मोकळी जागा चिखल बाहेर टाकते आणि म्हणून सह्याद्रीच्या वाटेवर ते उपयोगी पडतात. ओल्या गुळगुळीत लादीत मात्र दाते रुतायला काही नसते. तिथे जमिनीला टेकणारे रबराचे क्षेत्रच कमी होते, आणि रबर टणक असेल तर तेवढ्याही क्षेत्राची पकड बेताचीच मिळते. काकींच्या बुटांत शिवाय दात्यांच्या मध्ये खवले आणि बर्फाचा चुरा अडकून घट्ट बसत असे. वरचे जाळीचे कापड पाणी शोषून दिवसभर ओले राही. मंडईत एकदा पाय सरकल्यावर काकींनी ते बूट बाजूला ठेवले, आणि त्यांचा तो निर्णय योग्यच होता.

त्यानंतर आले गुडघ्यापर्यंतचे पीव्हीसीचे गमबूट. डॉकवर कित्येकांच्या पायांत ते दिसतात आणि पाणी आत न येऊ देण्याचे काम ते चोख करतात. परंतु स्वस्त पीव्हीसी जुने होईल तसे कडक होत जाते आणि बर्फाच्या गारव्याने आणखी ताठ होते. काकींचा पाय पुढे रुंद आणि टाचेकडे अरुंद आहे, त्यामुळे रुंदीसाठी एक नंबर मोठा घ्यावा लागला आणि टाच आतल्या आत वर-खाली होऊ लागली. सकाळपासून दुपारपर्यंत बंद बुटात घाम साचून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. ज्या पायाला खाज आणि आग सुटली आहे तो पाय माणूस सरळ टाकत नाही, म्हणून चिखल्यांकडेही केवळ त्वचेची तक्रार म्हणून पाहता येत नाही.

काकींच्या वाटेवरील जमिनी

1875 साली सुरू झालेल्या ससून डॉकवर हंगामात पहाटेच्या आधीच गर्दी सुरू होते. बोटींतून उतरलेली मासळी क्रेटमध्ये भरली जाते, क्रेट आकड्याने ओढत लिलावाच्या जागी नेले जातात आणि सगळीकडे बर्फाचा चुरा पसरलेला असतो. तिथल्या काँक्रीटचा मूळचा खरखरीतपणा क्रेटच्या सततच्या ओढाओढीने जागोजागी घासला गेला आहे. उन्हात कोरडे असताना हे पट्टे वेगळे ओळखू येतात. पहाटेच्या दिव्यांत, ओले असताना, सगळी जमीन सारखीच चमकते. काकी पडल्या ती जागा अशाच एका पट्ट्यावर, सांडपाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी होती. नाल्याकडे उतार असल्यामुळे बर्फाचे पाणी, मासळीची बुळबुळ आणि खवले सारे तिथेच येऊन थांबत होते.

ही बुळबुळ नीट समजून घेण्यासारखी आहे. माशाच्या अंगावरचा चिकट थर साखर जोडलेल्या प्रथिनांचा असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. साधे पाणी पातळ असल्यामुळे टाच टेकताच बाजूला पळते, बुळबुळ मात्र घट्टसर असल्यामुळे तळ आणि जमीन यांच्यामधून तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. तेवढा क्षण पाय प्रत्यक्षात जमिनीवर नसून त्या पातळ थरावर तरंगत असतो. द्रव जितका घट्ट, तितकी जमीन अधिक खरखरीत असावी लागते. ब्रिटनमधील कामगार सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शनानुसार स्वच्छ पाण्यासाठी फरशीवरील उंचसखलपणा किमान 20 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावा लागतो, तर ऑलिव्ह तेलासारख्या द्रवासाठी 70 मायक्रॉनच्या आसपास. नुसत्या पाण्याने ओल्या फरशीवर निभावून गेलेला माणूस बुळबुळीवर का आपटतो, हे यातून स्पष्ट होते.

डॉकच्या बाहेर टेम्पोपर्यंतचा रस्ता निसरडा कमी आणि उंचसखल जास्त आहे. काही पेव्हर ब्लॉक सैल झालेले आहेत, एका कोपऱ्यावर पाय पडला की दुसरा कोपरा उचलला जातो आणि खालचे पाणी वर उडते. गटाराच्या लोखंडी जाळ्या घासून चकचकीत झाल्या आहेत. डोक्यावर पाटी असताना मान खाली घालून पाय कुठे पडतो ते पाहता येत नाही, आणि एक हात पाटीला असल्याने तोल सावरायलाही तो मोकळा नसतो. अशा ठिकाणी पादत्राणाने टाच घट्ट धरणे आणि तळाने मध्येच पिळून न जाणे याला नक्षीपेक्षा अधिक महत्त्व येते.

मंडईतील गाळ्यापुढची लादी गुळगुळीत, चकाकी असलेली आहे आणि दर काही वेळाने तिच्यावर पाणी मारले जाते. तिथे काकी मुख्यतः ओट्यावर बसून असतात, अधूनमधून पाणी आणायला किंवा बर्फ घ्यायला उठतात. धक्क्याच्या कडेला समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्याही आहेत. भरती-ओहोटीमुळे त्यांवर कायम शेवाळ असते. पूर्वी काकी कधीमधी त्यांवरून बोटीपर्यंत उतरत असत.

तळाची घरगुती तुलना

कोणता तळ बरा, हे बोलण्यापेक्षा पाहिलेले चांगले, म्हणून मंडईतील लादीसारखी एक लादी घेऊन घरीच तुलना केली. मासे साफ केल्यावर उरलेले बुळबुळीत पाणी लादीवर पसरायचे, बुटात ठरावीक वजनाची वाळूची पिशवी ठेवून तो लादीवर ठेवायचा आणि लादीची एक बाजू हळूहळू उचलत जायची. बूट ज्या कोनाला सरकू लागतो, त्या कोनावरून घर्षणाचा अंदाज येतो. 11 अंशांना सरकला तर घर्षणांक, म्हणजे पकड मोजणारा आकडा, सुमारे 0.2, 17 अंशांना सुमारे 0.3 आणि 22 अंशांना सुमारे 0.4. सपाट जमिनीवर साध्या चालीने चालायला साधारण 0.2 इतके घर्षण वापरले जाते. ओझे घेऊन वळताना, घाईत किंवा उतारावर त्याहून जास्त लागते.

या रीतीची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. लादीवर बूट स्थिर असतो, चालताना टाच वेगाने आणि तिरकी टेकते. त्यामुळे इथे मिळालेला आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याशी जोडू नये. एकाच लादीवर, एकाच बुळबुळीवर दोन तळांपैकी कोणता आधी सरकतो एवढे मात्र यातून विश्वासाने कळते. गमबूट आणि झिजलेली स्लिपर सर्वांत आधी सरकले. ट्रेकिंगचे बूट त्यांच्या थोडे पुढे गेले. सुनेच्या मैत्रिणीने एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातील कामासाठी घेतलेले बूट लादी बरीच तिरकी झाली तरी जागचे हलले नाहीत. त्यांचा तळ रबराचा होता आणि नक्षीत लहान, एकमेकांजवळ असलेले, धारदार कडांचे चौकोनी ठोकळे होते. ठोकळ्यांमधल्या खाचा तळाच्या कडेपर्यंत उघड्या होत्या, त्यामुळे दाबलेल्या द्रवाला बाहेर जायला वाट मिळत होती. खाचा कडेला बंद असतील तर नक्षी कितीही देखणी असो, द्रव आतच कोंडला जातो. काकींनी स्वतः लादी उचलून पाहिली, आणि पुढे दुकानात त्या प्रत्येक बूट उलटा करून आधी कडेच्या खाचा पाहू लागल्या. माझ्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपाचे सर्वांत मोठे फळ हेच होते.

दुकानात काय पाहिले

बूट घेण्यासाठी काकी, सून आणि मी नागदेवी स्ट्रीटला गेलो, कारण कारखान्यांना लागणारे सुरक्षिततेचे सामान तिथे एकाच भागात मिळते. खोक्यांवर अँटी-स्किड, नॉन-स्लिप असे शब्द सर्रास छापलेले असतात. ज्यावर कोणत्याही मानकाचा क्रमांक नाही असा शब्द म्हणजे विक्रेत्याचा दावा, एवढेच त्याचे मोल. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 15298 हे मानक कामाच्या पादत्राणांसाठी आहे. त्याचा दुसरा भाग बोटांवर कडक संरक्षक टोपी असलेल्या सुरक्षा बुटांचा आणि चौथा भाग टोपी नसलेल्या, कामावर घालायच्या बुटांचा आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या बुटांवर एसआरए, एसआरबी किंवा एसआरसी ही अक्षरे दिसतात. पहिले म्हणजे साबणासारख्या द्रावणाने ओल्या सिरॅमिक लादीवरची चाचणी, दुसरे म्हणजे ग्लिसरिन लावलेल्या पोलादावरची, आणि तिसरे म्हणजे दोन्हींत उत्तीर्ण. 2022 च्या सुधारित आंतरराष्ट्रीय मानकात ही अक्षरे जाऊन लादीवरची चाचणी सर्वसाधारणपणे सक्तीची झाली आणि ग्लिसरिनच्या जादा चाचणीसाठी एसआर ही खूण आली. जुन्या एसआरएमध्ये टाच सरकवून केलेल्या चाचणीत किमान 0.28 आणि एसआरबीमध्ये फक्त 0.13 घर्षणांक लागत असे. या दोन आकड्यांतील अंतरच सांगते की तेलकट पोलाद किती कठीण परीक्षा आहे आणि “उत्तीर्ण” या शब्दाने किती हुरळून जावे. या चाचण्या नव्या कोऱ्या बुटांवर होतात आणि माशाची बुळबुळ त्यांत नसते, तरीही कोणतीच खूण नसलेल्या बुटापेक्षा खूण असलेला बूट निवडणे शहाणपणाचे ठरते. काकींना बोटांवर पोलादी टोपी नको होती आणि तिची त्यांना गरजही नव्हती, म्हणून टोपी नसलेला, घोट्यापर्यंतचा, धुता येणारा बूट पाहायचे ठरले.

तळाच्या पदार्थाबाबत दोन पर्याय उरले होते. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा तळ हलका, मऊ आणि पायाला आरामदायी असतो. नायट्राइल रबर हे कृत्रिम रबर त्याहून जड, पण तेल आणि चरबी यांना चांगले तोंड देते. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत उभे राहणाऱ्या पायासाठी हा मुद्दा होताच, पण निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आणि मुंबईतील पावसाचे सर्वांत दमट दिवस त्याच काळात येतात. डॉकवरचे बूट त्या दोन महिन्यांत घरात पडून राहतात. पॉलियुरेथेनच्या अनेक तळांवर हवेतील ओलाव्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि काही वर्षांनी, विशेषतः न वापरता ठेवलेल्या बुटांचा, तळ पापुद्रे सुटून भुगा होतो. डोक्यावर पाटी असताना असा तळ निखळणे परवडणारे नव्हते. नायट्राइल रबर घेतले.

मापाला सर्वाधिक वेळ गेला. दुपारी, पाय थोडे सुजलेले असताना, काकींना वर्तमानपत्रावर उभे करून दोन्ही पायांची बाह्यरेषा आखली आणि ते कागद दुकानात नेले. बुटातील आतला सोल काढून कागदावर ठेवला की पाय कुठे बाहेर जातो ते चटकन दिसते. महिलांच्या मापाचे बहुतेक बूट पुढच्या बाजूला अरुंद निघाले, म्हणून शेवटी पुरुषांच्या मापातला रुंद जोड घेतला, आणि टाच धरून ठेवण्यासाठी वरून दोरीऐवजी ओल्या हातांनीही आवळता येईल असा पट्टा असलेला नमुना निवडला. आणखी चार गोष्टी पाहिल्या. अंगठ्याच्या नखाने तळ दाबला तर थोडा दबून पुन्हा वर यायला हवा. न दबणारा तळ गुळगुळीत लादीवर फसवतो. बूट पंजाच्या सांध्यापाशी वाकायला हवा, मध्यभागी नव्हे. आणि टाच व पंजा धरून पिळला तर तो फडक्यासारखा पिळला जाता कामा नये, कारण सैल पेव्हर ब्लॉकवर घोट्याला सांभाळणारा ताठपणा मधल्या भागातूनच मिळतो. टाचेची मागची कड किंचित तिरकी कापलेली आणि अगदी शेवटपर्यंत नक्षी असलेली हवी, म्हणजे टाच टेकताना नुसत्या काठाऐवजी तळाचा रुंद भाग टेकतो.

एका जोडाऐवजी दोन

एकच जोड दिवसभर घालायचा हा हट्ट इथे सोडून दिला. डॉकवर आणि टेम्पोपर्यंत नवे बंद बूट. मंडईत पोचल्यावर पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून, मागे पट्टा असलेली रबरी तळाची फ्लोटर सँडल. टेम्पोत पिशवी ठेवायला जागा असतेच, त्यामुळे दुसरा जोड हे ओझे ठरले नाही. चिखल्या आटोक्यात आल्या आणि पाय सरळ पडू लागला. सुती मोज्यांचे दोन जोड आलटून पालटून घालण्याचा सल्ला काकींनी आधी मनावर घेतला नाही, पण सुनेने बाजारातून मोजेच आणून दिल्यावर तो अमलात आला.

बूट बदलले म्हणून जमीन बदलत नाही, हे मात्र काकींशी आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या बायकांशी स्पष्टपणे बोलावे लागले. गाळ्यापुढे साबण टाकून पाणी मारले की साबणाचा पातळ थर मागे राहतो आणि लादी आधीपेक्षा निसरडी होते. आधी खवले आणि बुळबुळ खराट्याने खरवडून काढायची, मग साबण कमी घेऊन भरपूर पाण्याने धुवायचे, असा क्रम त्यांनी स्वीकारला. डॉकवर नाल्याच्या तोंडाचा तो पट्टा टाळून थोड्या लांबच्या, खरखरीत बाजूने यायचे ठरले. पाटी डोक्यावर असताना पाऊल लहान टाकायचे आणि टाचेऐवजी शक्यतो पूर्ण तळ टेकवायचा, ही सवय काकींना मुळातच होती. पडण्याच्या भीतीने ती बिघडली होती आणि पायाखाली विश्वास आल्यावर ती परत आली. शेवाळलेल्या पायऱ्यांसाठी कोणताही बूट मी सुचवला नाही. ओल्या शेवाळावर हे नवे बूटही सरकले, तेव्हा तिथे उतरणे काकींनी पूर्ण बंद केले. बोटीवरून मासळी वर द्यायचे काम आता तरुण मुले करतात.

एका बाईच्या एका हंगामातील अनुभवावरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही. काकी पुन्हा स्वतः पाटी उचलतात, पाय सरकण्याच्या घटना तुरळक झाल्या आहेत आणि पडणे झालेले नाही, एवढे खात्रीने सांगता येते. त्यात बुटांचा वाटा किती आणि वाट बदलल्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

बुटांची निगा घरातल्या घरात ठरली आहे. रोज खाचांतील खवले जुन्या ब्रशने काढायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचे. शेगडीजवळ किंवा कडक उन्हात ठेवायचे नाही, कारण त्याने रबर कडक होते. महिन्यातून एकदा टाचेची मागची कड बोटाने चाचपायची. पेन्सिल सेलच्या बुडापेक्षा मोठा गुळगुळीत डाग तयार झाला की वरचा बूट कितीही धडधाकट असला तरी जोड बदलायचा, ही मोजपट्टी सुनेला सांगताच तिने घड्याळातला जुना सेल बुटांच्या खोक्यात टाकून ठेवला. पुढच्या हंगामात नारळी पौर्णिमेनंतर सूनही डॉकवर जाणार आहे. तिचा पाय काकींच्या मानाने अरुंद आणि टाच लहान आहे, त्यामुळे काकींचे बूट तिला चालणार नाहीत. तिच्या पायांची बाह्यरेषा वेगळ्या कागदावर आखून घेतली आहे आणि तिचा जोड बंदीच्या काळातच घ्यायचा आहे.